बॉडी लिफ्ट काढली, तरी ‘खट्’ काही जाईना

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं तेच आहे का ते लगेच कळेल. ब्रेक हलका दाबला की पाठीमागच्या सीटखालून एक ‘खट्’. ब्रेक सोडून गाडी पुढे सरकली की पुन्हा एक, जरा दबका. स्पीडब्रेकर तिरका घेतला तर दोन. सरळ रस्त्यावर साठच्या वेगात काहीच नाही. खोलून, पुसून, घट्ट करून जोडलं की आठ-दहा दिवस शांतता, आणि मग एक दिवस सिग्नलला थांबताना परत तेच.

आमची डबल कॅब पिकअप सेकंड हँड घेतलेली. घरचा धंदा मंडपाचा. बांबू, कापडाचे तागे, खुर्च्या असं सगळं तिच्यातूनच जातं. आधीच्या मालकाने कॅब आणि हौदा दोन्हीखाली दोन इंचांचे पांढरे नायलॉनचे गुटके घालून बॉडी वर उचलली होती. यालाच बॉडी लिफ्ट म्हणतात. गाडी दिसायची रुबाबदार, पण हौदा दोन इंच वर गेल्यामुळे पोरं प्रत्येक खुर्ची चढवताना शिव्या द्यायची, आणि आईला पुढच्या सीटवर बसवायला स्टूल न्यावं लागायचं. त्यात गिअरचा दांडा कन्सोलला घासून चौथ्यातून निसटायचा. म्हणून लिफ्ट काढायचं ठरवलं, तेही घरीच. गोराई गावठाणात राहतो, अंगण आहे, आणि गाडी गॅरेजला न्यायची म्हणजे उत्तन-भाईंदरवरून वळसा.

अजून कोणाला वाटत असेल की बॉडी लिफ्ट असली म्हणजे जुलैत मिलन सबवेचं पाणी सहज पार होतं, तर तो गैरसमज आहे. गुटके असतात चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि बॉडीच्या मध्ये. चेसी, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, अ‍ॅक्सल सगळं होतं तिथेच राहतं. ग्राउंड क्लिअरन्स एका मिलिमीटरने वाढत नाही, उंचावतात फक्त आपण. कागदाची बाजूही आहेच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करायला मनाई आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. लिफ्ट काढणं म्हणजे मूळ रूपात परत येणं, त्यामुळे त्या बाजूने निर्धास्त.

काढायची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण बिघाड याच कामात शिरला.

तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारत गेलो. खाडीच्या वाऱ्यावर उभी राहिलेली गाडी आहे, गंजाला इथे आमंत्रण लागत नाही. हे तीन दिवस वाचवायला जाल तर बोल्टऐवजी वरचा नट फिरायला लागेल. तो नट कॅबच्या फरशीखाली चॅनेलमधल्या पिंजऱ्यात बसवलेला असतो. पिंजरा तुटला की बोल्ट नुसता गरगर फिरतो, मग कार्पेट उचलून फरशीला खिडकी कापण्यावाचून गत्यंतर नाही. माझा एकच तसा गेला. ग्राइंडरने तीन बाजू कापून पत्रा उघडला, नटाला पाना लावून धरला, बोल्ट सोडवला, आणि काम झाल्यावर पत्रा बंद करून वेल्डिंग, प्रायमर, सीलंट. गॅसची ज्योत लावायचा मोह आवरा. शेजारीच रबर आहे, ब्रेकची नळी आहे, डिझेलची लाइन आहे.

पहिल्या दिवशी सकाळी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. स्टीअरिंग सरळ करून लॉक केलं, कारण एअरबॅगवाल्या गाडीत शाफ्ट सुटा असताना स्टीअरिंगचं चाक फिरलं तर आतली गुंडाळलेली केबल तुटते. शाफ्टवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली आणि लिफ्टबरोबर घातलेला जोडतुकडा काढला. बंपर इथे चेसीवरच असतो, त्याच्या वर चढवलेल्या पट्ट्या काढल्या. मग एका बाजूचे सगळे बोल्ट पूर्ण काढले, दुसऱ्या बाजूचे फक्त सैल केले. जॅक आणि बॉडी यांच्यामध्ये जाड लाकडी फळी ठेवून बॉडी जेमतेम बोटभर उचलली. चाकं जमिनीवरच होती, त्यांना पुढे-मागे दगड. गुटका हाताने काढायचा नाही, लाकडाच्या पट्टीने ढकलून बाहेर पाडायचा. जॅक घसरला तर पट्टी तुटेल, बोटं राहतील. याबाबतीत मी हट्टी आहे. मदतीला आलेल्या भाच्याला दोनदा ओरडलो आणि त्याचा त्याला अजून राग आहे.

बॉडी खाली उतरताना एकाने फक्त बघत राहायचं. ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, हँडब्रेकची केबल, काही चिमटतंय का. दोन्ही बाजू संध्याकाळपर्यंत झाल्या.

आता चूक. आधीच्या मालकाने कंपनीचे मूळ बोल्ट एका पिशवीत दिले होते. मोजले तर कॅबच्या सहापैकी चारच. मागच्या दोन जागांचे नव्हते. रविवार होता, दुकानं बंद. मी हिशेब केला, गुटका होता 50 मिमीचा, लिफ्टचा बोल्ट 160 मिमी लांब, तर टोकाचे 50 मिमी कापून टाकू. हॅकसॉ घेतली, दोन बोल्ट 110 मिमीचे केले, तोंडाला कानस मारली, आटे साफ केले. नटात छान शिरले. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला पोचलं की ‘कट्’ वाजणारा पाना, मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावला, कट् झाला, सहाही झाले. हात धुतले, जेवलो.

सहा दिवसांनी पहिला ‘खट्’.

यानंतरचे दोन महिने मी जे केलं ते तुम्ही करू नये म्हणून लिहितो. आधी वाटलं माउंटचं, म्हणजे कॅब चेसीला बोल्टने जोडली जाते त्या जागेचं, रबर कोरडं पडलंय. सिलिकॉन ग्रीस भरलं, आठवडाभर शांत. परत आला. मग वाटलं स्टीअरिंगचा सांधा. तो तपासला, ठीक होता. मग एका गॅरेजवाल्याने सहाच्या सहा बुश, म्हणजे माउंटची ती रबरंच, बदलायला लावले. दीड महिना गाडी अगदी नव्यासारखी वागली, मी गावभर सांगितलं की बुशच गेले होते. आणि गणपतीच्या मंडपाचा माल घेऊन दहिसरच्या टोलनाक्यावर ब्रेक मारला, मागून ‘खट्’.

आवाज कुठून येतो हे शोधायला एक साधा उपाय उपयोगी पडला. मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि एकेका माउंटजवळ चेसीला टेपने पक्का बांधला. गल्लीत दहाच्या वेगाने चार वेळा ब्रेक मारायचा, मग पुढच्या माउंटला बांधायचा. सहापैकी पाच रेकॉर्डिंगमध्ये आवाज लांबून येतो, मागच्या डाव्यात टाळी वाजवल्यासारखा कानाशी येतो. गाडीखाली माणूस झोपवून दुसऱ्याने ती चालवायची, हा प्रकार मात्र कोणी कितीही सांगितला तरी करू नका.

जागा कळली, पण कारण कळेना. बोल्ट घट्ट. रेंच लावला की लगेच कट्. बुश नवे.

शेजारचे काका होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. ते जेट्टीवरून येताना थांबले, खाली वाकून बघितलं आणि माझ्या हातातला रेंच बाजूला ठेवायला लावला. बोल्टचं डोकं आणि बुश यांच्यामध्ये जो मोठा गोल वायसर असतो, त्याला त्यांनी अंगठा लावला आणि फिरवला. वायसर फिरला. ग्रीसमध्ये बशी फिरावी तसा.

“अरे, बोल्ट घट्ट झालाय की बोल्ट संपलाय, ते आधी बघ.”

सगळा प्रकार या एका वाक्यात होता. बोल्ट काढून ओट्यावर ठेवला आणि मापं घेतली. बॉडी माउंटची रचना अशी असते: चेसीच्या कानाच्या वर एक रबर, खाली एक रबर, दोन्हींच्या पोटातून जाणारी लोखंडी नळी. बोल्ट खालून वायसर, नळी यांमधून जाऊन वरच्या नटात शिरतो. कसला की वायसर आणि बॉडी यांच्यामध्ये नळी चेपली जाते. बॉडी धरून ठेवते ती नळी. रबराचं काम फक्त धक्का खाणं, आणि ते किती दबायचं तेही नळीची लांबीच ठरवते. माझ्या गाडीत वायसरच्या खालच्या तोंडापासून नटाच्या तोंडापर्यंतचं अंतर 76 मिमी. लिफ्टच्या बोल्टला डोक्यापासून 80 मिमी गुळगुळीत दांडा होता आणि पुढचे 80 मिमी आटे. गुटका मध्ये असताना हे अंतर 126 मिमी होतं, तेव्हा 80 चा दांडा कुठेच अडत नव्हता. मी गुटका काढला आणि बोल्ट कापला, पण कापला तो आट्यांच्या बाजूने. दांडा 80 चा 80 राहिला. म्हणजे आटे संपून दांडा नटाच्या तोंडाला भिडायचा, तेव्हा नळी अजून 4 मिमी सैल असायची. टॉर्क रेंचला त्यातलं काही कळत नाही. त्याला कळतो फक्त विरोध. तो नळीचा आहे की अडकलेल्या दांड्याचा, हे त्याला कोण सांगणार?

बोल्ट उजेडात धरला तर पुरावा तिथेच होता. शेवटच्या आट्याच्या मुळाशी चकाकणारं कडं पडलं होतं, नटाने दांडा चावल्याचं. आणि नळीचं खालचं तोंड, जे वायसरने घासून आरशासारखं व्हायला हवं, त्याच्यावर तांबूस गंजाची पूड जशीच्या तशी. तिला कोणी हातसुद्धा लावलेला नव्हता.

आवाज परत परत का यायचा तेही मग उलगडलं. नवं रबर नळीपेक्षा उंच असतं, त्यामुळे सुरुवातीला तेच ती 4 मिमीची पोकळी भरून काढतं आणि बॉडी गप्प बसते. महिना-दीड महिन्यात रबर दबलं की पोकळी उघडी पडते, ब्रेकला कॅब पुढे सरकते आणि नळी वायसरवर आपटते. ग्रीसने आवाज फक्त दबायचा. बुश बदलून मी दुखणं दीड महिना पुढे ढकलत होतो, पैसे देऊन. पुढच्या चार जागी मूळ बोल्ट होते म्हणून तिथे काही नव्हतं. उजव्या मागच्या माउंटचाही वायसर फिरला. त्याचा आवाज अजून सुरू व्हायचा होता इतकंच.

ही परीक्षा कोणालाही दोन मिनिटांत करता येते. गाडी सपाट जागेवर बंद, हँडब्रेक लावून. बोल्ट पूर्ण कसलेला असताना खालच्या मोठ्या वायसरला अंगठ्याने जोर लावा. हलला नाही तर नळी चेपली गेली आहे. फिरला तर रेंच काहीही म्हणो, तो बोल्ट काम करत नाहीये. दुसरी खूण, बोल्टचं डोकं. माझ्या मूळ बोल्टला 17 ची गोटी (सॉकेट) लागते, लिफ्टच्या बोल्टला 19 ची. एकाच गाडीखाली दोन मापांची डोकी दिसली की तिथून सुरुवात करा.

बोल्ट आणायला नागदेवी स्ट्रीटला गेलो. बोटीने बोरिवली, लोकलने मरीन लाइन्स, तिथून चालत. मूळ बोल्टपैकी एक खिशात ठेवला होता, तोच कामाला आला. दुकानात नुसतं ‘बारा एमएमचा बोल्ट’ म्हणाल तर 1.75 पिचचा, म्हणजे दोन आट्यांमध्ये 1.75 मिमी अंतर असलेला, मिळेल, कारण बाजारात चालतो तो तोच. गाडीतला नट 1.25 पिचचा होता. जाडी तीच, पण जबरदस्तीने घातला तर नटाचे आटे जातील आणि मग पुन्हा फरशी कापा. डोक्यावर 8.8 कोरलेलं हवं. पहिल्या आठचा अर्थ ताण सोसायची ताकद 800 मेगापास्कल, दुसऱ्या आठचा अर्थ त्याच्या 80 टक्क्यांवर तो कायमचा ताणला जायला लागतो. दुकानदाराने समुद्राकाठचं गाव ऐकून स्टेनलेस पुढे केले, गंजणार नाहीत म्हणून. नेहमी मिळणारा ए2-70 स्टेनलेस 700 चाच असतो, शिवाय त्याचे आटे कसताना एकमेकांत चिकटून बसतात. मी साधे झिंक लावलेले घेतले आणि आट्यांना नाही, फक्त बाहेर उरणाऱ्या भागाला गंजरोधक मेण लावलं. आट्यांना तेलकट काही लावलं की तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो, मॅन्युअलमधला आकडा मग खोटा पडतो.

लांबीत मी दुसऱ्यांदा फसणार होतो. हातात 110 चा हाफ थ्रेड, म्हणजे फक्त टोकाकडे आटे असलेला, बोल्ट घेतला होता, कापलेला 110 चा होता म्हणून. दुकानातल्या म्हाताऱ्या कामगाराने पट्टी लावून दाखवलं. बारा मिमीच्या बाजारू हाफ थ्रेडला 125 मिमी लांबीपर्यंत आटे 30 मिमीच असतात. म्हणजे 110 मध्ये दांडा परत 80. नवाकोरा बोल्ट आणि जुनाच ‘खट्’. 100 चा घेतला, दांडा 70, आपलं अंतर 76, नटात शिरायला 24. बरोबर. तुमच्या गाडीची मापं वेगळी असतील, पण वजाबाकी हीच: दांड्याची लांबी त्या अंतरापेक्षा कमीच हवी. लांब बोल्टखाली वायसरांची चळत लावून फरक भरून काढणारेही पाहिलेत. चालतं काही दिवस. चळत सरकते, आणि मग आवाज एकाचा तीन होतो.

दोन्ही बोल्ट बदलले, वायसर फिरेना, आवाज बंद. पावसाळ्याच्या शेवटापासून आजपर्यंत बंद आहे.

लिफ्ट काढल्यानंतर याच कुळातल्या आणखी तक्रारी येतात, त्यांचं कारण बहुतेक वेळा ‘गुटके काढले, बाकीचं राहिलं’ हेच असतं. डिझेल भरताना पंपाचं नोझल दर दोन लिटरला टप्पकन बंद पडत असेल तर हौद्यातल्या तोंडापासून टाकीपर्यंतची नळी बघा. लिफ्टसाठी ती लांबवलेली असते, हौदा खाली आला की तिला मोड पडते आणि हवा परत येते. रात्री हेडलाइट मंद, स्टार्टर जड, तर बॉडी ते चेसीची अर्थची तार. माझ्या गाडीत आधीच्याने तिला साधी वायर जोडून लांब केलं होतं, सांध्यावर हिरवी बुरशी. मूळ जाडीची वेणीवाली पट्टी टाकली आणि बुडाखालचा रंग खरवडून लावली.

पंख्याचं थोडं खोलात सांगायला हवं, कारण त्यात इंजिन जातं. माझ्यासारख्या गाडीत रेडिएटर बॉडीला धरलेला, पंखा इंजिनाला. लिफ्ट लावली की रेडिएटरबरोबर त्याचं प्लॅस्टिकचं कव्हर वर जातं आणि पंखा त्याच्या खालच्या कडेला घासतो. म्हणून लिफ्टवाले एकतर पट्ट्या लावून कव्हर खाली घेतात, नाहीतर सरळ कापतात. पट्ट्या असतील तर काढा, नाहीतर बॉडी उतरल्यावर पंखा वरच्या कडेला घासेल. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी पंखा हाताने पूर्ण फिरवून चारही बाजूंना बोट जाईल इतकी जागा आहे का ते बघा, बॅटरीची तार काढलेली असतानाच. कापलेलं असेल तर कव्हर बदला. हायवेवर फरक कळत नाही, पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभं राहिलं की काटा वर सरकतो, कारण पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी भोकातून ओढतो. मला कुर्ल्याच्या भंगार बाजारात मूळ कव्हर मिळालं, एक कान तुटलेलं, तो शिवून घेतला.

टायरचं आधीच सांगायला हवं होतं. लिफ्टच्या भरवशावर मोठे टायर घातलेले असतील तर गुटके काढण्यापूर्वी मूळ मापाचे टायर हाताशी ठेवा. नाहीतर बॉडी उतरेल आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या लायनरला खरवडेल, गाडी अंगणातून बाहेर निघणार नाही. दरवाजे नीट लागत नसतील तर बिजागऱ्यांना हात लावू नका. आधी सगळे माउंट सैल करून, बॉडीला जरा हलवून जागेवर बसू द्या आणि मधून कडेकडे थोडं थोडं करत कसा. हेडलाइटचा झोत परत लावून घ्या.

सगळे बोल्ट 500 किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासायचे, रबर बसतं तेवढ्यात. मी रेंच नेतो, काका फक्त अंगठा.

गुटके फेकले नाहीत. चार जण आता मंडपाच्या खांबांखाली असतात, ओल्या मैदानात बांबू रुतत नाही. बाकीचे आईने तिच्या शिलाई मशीनच्या पायांखाली घातलेत.